केकवरील व्हॅनिलाचें आवरण
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या माझ्या भाषणाचा विषय स्वयंपाकघरांतला आहे, पण रोजच्या ताटांतला नाहीं. वाढदिवसाच्या केकवर जो पांढरा, मऊ, गोड लेप असतो, ज्याला इंग्रज लोक आयसिंग म्हणतात आणि अमेरिकन लोक फ्रॉस्टिंग म्हणतात, तो आपल्या घरीं, आपल्या हवेंत आणि आपल्या भांड्यांत चांगला कसा करावा, हें मला आज सांगावयाचें आहे. केक कसा भाजावा याविषयीं आपण पुष्कळ ऐकलें व वाचलें असेल. आवरणाची गोष्ट मात्र बहुधा शेवटच्या दोन ओळींत उरकली जाते. त्याचा परिणाम असा होतो कीं, केक उत्तम भाजणारी गृहिणी आवरणाच्या वेळीं हात टेकते, आणि मग एक तर केक उघडाच ठेवते, किंवा बाजारांतून तयार लेपाचा डबा आणते.

त्या डब्यांत काय असतें, हें आधीं पाहूं. डब्यावरील बारीक अक्षरें वाचण्याची संवय आपल्यापैकीं फार थोड्यांना असते. ती वाचलीं तर असें दिसून येईल कीं, अशा पुष्कळशा तयार लेपांत लोणीहि नसतें आणि दुधाची सायहि नसते. असतें तें पाणी, साखर, वनस्पति तेलावर प्रक्रिया करून घट्ट केलेला स्निग्ध पदार्थ, आणि हें सारें एकत्र बांधून ठेवणारीं कांहीं द्रव्यें. असा लेप उन्हांत टिकतो, स्वस्त पडतो, आणि शिकाऊ हातालाहि त्याचीं फुलें काढतां येतात. हे त्याचे गुण मला मान्य आहेत. परंतु तेलाला अर्धवट घट्ट करतांना ट्रान्स फॅट नांवाचा जो घटक तयार होतो, तो रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलें कोलेस्टेरॉल कमी करतो, ही गोष्ट आतां निर्विवाद ठरली आहे. म्हणूनच आपल्या देशांत १ जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थांतील तेल-तुपांत हा घटक शेंकडा २ पेक्षां अधिक असूं नये, असा नियम झाला. नियम चांगला आहे. पण नियमांत बसणारा पदार्थ आणि मुलांच्या पुढ्यांत आनंदानें ठेवावा असा पदार्थ, यांत अंतर आहे. शिवाय कांहीं वनस्पतिजन्य लेप तोंडाच्या उष्णतेनें पुरता वितळत नाहीं. केक खाऊन झाल्यावर टाळूला एक चिकट थर राहिल्यासारखें वाटतें, तो त्याचाच. लोणी तोंडांत विरघळतें. सगळा फरक येथें आहे.

आपल्या हाताला हें काम अपरिचित कां वाटतें, याचेंहि कारण आहे. घरांत भट्टी किंवा ओव्हन नसतांना पातेल्यांत वाळू तापवून, वर झांकण आणि झांकणावर निखारे ठेवून केक भाजणाऱ्या गृहिणी महाराष्ट्रांत होत्या. पुढें तेंच काम शिटी काढलेल्या कुकरनें केलें. पण हा केक साधा असे. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांनीं आपल्याला ज्याची गोडी लावली तो मावा केकहि उघडाच. गोव्यांतील नारळ-रव्याचा बात घ्या किंवा पदरापदरांची बेबिंका घ्या, त्यांच्यावरहि लेप नाहीं. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर केकसारखे पदार्थ रुजले, पण लोण्याचें आवरण मागें राहिलें. आणि त्याला कारण बहुतेक आपली हवा हेंच असावें. थंड देशांत जन्मलेला हा पदार्थ आहे. तेव्हां कृति सांगण्यापूर्वीं लोणी आणि उष्णता यांचा संबंध समजून घेतला पाहिजे. तो एकदां समजला कीं बाकीचें सोपें आहे.

बर्फ एका ठराविक उष्णमानाला वितळतो, तसें लोण्याचें नाहीं. लोण्यांतील स्निग्धांश अनेक प्रकारचा असतो. कांहीं भाग लवकर पातळ होतो, कांहीं उशिरां. फ्रिजमधून काढलेलें लोणी दगडासारखें असतें, कारण बहुतेक भाग घट्ट असतो. तें १८ ते २१ अंश सेल्सिअसच्या सुमारास आलें कीं, अर्धें घट्ट व अर्धें मऊ अशा मधल्या स्थितींत असतें. बोट दाबलें तर खळगा पडतो, पण बोट तुपकट होत नाहीं. याच स्थितींत लोणी फेसलें तर त्यांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, आणि घट्ट राहिलेले कण त्या बुडबुड्यांना भिंतीसारखे धरून ठेवतात. आवरण हलकें होतें तें या हवेमुळें. आतां मे महिन्यांतील मुंबईचें स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणा. तेथें पारा ३२-३३ अंशांवर असतो. या उष्णतेला लोण्याचा बहुतेक भाग पातळ झालेला असतो, भिंती ढासळलेल्या असतात, आणि आपण कितीहि वेळ फेसलें तरी हवा थांबत नाहीं. अशा वेळीं गृहिणी काय करते, तर पातळ झालें म्हणून आणखी साखर घालते. मग आवरण घट्ट होतें खरें, पण तोंडांत घालवत नाहीं इतकें गोड होतें. उष्णतेवर साखर हा उपाय नव्हे. उष्णतेवर थंडावा हाच उपाय, आणि तो अगदीं साधा आहे: ज्या पातेल्यांत फेसावयाचें तें एका परातींत ठेवावें, परातींत बर्फाचें पाणी घालावें, आणि काम पहांटे किंवा रात्रीं उशिरां करावें. पुण्याला, नाशिकला थंडीच्या दिवसांत यांतलें कांहींच करावें लागत नाहीं.

आपल्याकडे नानकटाईसाठीं तूप-साखर परातींत तळहातानें फेसण्याची जुनी रीत आहे, ती फार सुंदर आहे. पण येथें ती वापरूं नये. तळहाताची ऊब लोण्याला पुरेशी असते. लांकडी चमचा किंवा विजेचें फेसण्याचें यंत्र, दोन्हीं चालतात. चमच्यानें दहा मिनिटें लागतील तेथें यंत्राला चार-पांच मिनिटें लागतात, इतकाच भेद.

लोणी कोणतें घ्यावें? बाजारांत पावाला लावण्यासाठीं मिळणारें पिंवळें लोणी खारट असतें, आणि त्याला रंग दिलेला असतो. त्याचें आवरण पिंवळसर व खारवट होतें. म्हणून बिनमिठाचें पांढरें लोणी आणावें. घरचें लोणी वापरावयाचें असेल तर एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपलें घरचें लोणी विरजलेल्या सायीचें असतें. त्याला ताकाचा आंबूस वास असतो. तुपासाठीं तो गुणच आहे, व्हॅनिलाशीं मात्र त्याचें जमत नाहीं. यासाठीं चार दिवसांची साय फ्रिजमध्यें सांठवावी, विरजण न लावतां तिच्यांत बर्फाचें पाणी घालून घुसळावी, आणि निघालेलें लोणी गार पाण्यानें तीन-चार वेळां, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावें. मग चमच्यानें दाबून दाबून पाणी काढून टाकावें. कारखान्यांतल्या लोण्यांत पाणी साधारण शेंकडा १६ असतें. घरच्यांत त्याहून अधिक राहण्याचा संभव असतो, आणि हें अधिक पाणीच पुढें आवरण फाटण्याचें कारण होतें. म्हशीच्या दुधाचें लोणी शुभ्र असतें, ही आपल्याला मिळालेली देणगीच म्हणावयाची. गाईच्या दुधांत कॅरोटीनचा जो पिंवळा अंश असतो तो त्यांत जवळजवळ नसतो. परदेशांतील गृहिणी आवरण शुभ्र दिसावें म्हणून त्यांत खाण्याच्या जांभळ्या रंगाचा टाचणीच्या टोंकाएवढा अंश घालतात. पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतों तोच हा न्याय. आपल्याला त्याची गरज पडत नाहीं.

आतां साखर. आपल्याकडे किराण्याच्या दुकानांत मिळणारी पिठीसाखर लाडवांना व शंकरपाळ्यांना ठीक असते. आवरणांत ती दातांखालीं कचकचते. कारण लोण्यांत पाणी थोडें असतें, तेवढ्यांत सगळी साखर विरघळणें शक्य नसतें. जी विरघळत नाहीं ती जिभेला जाणवणार नाहीं इतकी बारीक तरी असली पाहिजे. तयार आयसिंग शुगर मिळते ती अशीच बारीक दळलेली असते, व तिच्यांत गुठळ्या होऊं नयेत म्हणून थोडें कॉर्नफ्लॉवर मिसळलेलें असतें. तीच घरीं करावयाची तर साखर मिक्सरमध्यें दळून, वस्त्रगाळ करून, उरलेला चाळ पुन्हां दळावा आणि पुन्हां गाळावा. वैद्य लोक औषधाचें चूर्ण जितक्या कांटेकोरपणें गाळतात तितक्याच कांटेकोरपणें हें केलें पाहिजे. पावशेर म्हणजे आजच्या हिशेबानें सुमारें २५० ग्रॅम साखरेला दोन लहान चमचे कॉर्नफ्लॉवर पुरे होतें. पावसाळ्यांत ही साखर दळून ठेवूं नये. हवेंतील ओल शोषून ती दुसऱ्या दिवशींच ढेकळासारखी होते.

प्रमाण असें: लोणी १२५ ग्रॅम, बारीक साखर २५० ग्रॅम, मीठ एक चिमूट, गार दूध एक ते दोन मोठे चमचे, आणि व्हॅनिला. मध्यम आकाराच्या केकच्या मधल्या थराला व वरच्या बाजूला हें पुरतें. कडाहि लिंपावयाच्या असल्यास सर्व जिन्नस दुप्पट घ्यावे. प्रथम नुसतें लोणी फेसावें. ही पायरी बहुतेकजण घाईनें उरकतात, आणि सारें यश तर हिच्यावरच अवलंबून असतें. लोण्याचा रंग स्पष्टपणें फिकट झाला पाहिजे आणि आकारमान वाढलेलें दिसलें पाहिजे. मग साखर तीन हप्त्यांनीं घालावी. पहिल्या फटक्याला ती उडते, म्हणून पातेल्यावर ओलें फडकें धरावें. दूध अगदीं शेवटीं, आणि लागलें तरच. घरच्या लोण्याला तें बहुधा लागतच नाहीं. मीठ विसरूं नये. गोडाच्या पदार्थांत मीठ कशाला, असें कांहींना वाटेल. पण पुरणांत आणि मोदकाच्या उकडींत आपण तें कशासाठीं घालतों?

मिश्रण बिघडलें तर टाकून देण्याचें कारण नाहीं. तें चकचकीत दिसूं लागलें व चमच्यावरून ओघळूं लागलें, तर उष्णता अधिक झाली असें समजून पातेलें दहा मिनिटें फ्रिजमध्यें ठेवावें व पुन्हां फेसावें. उलट तें नासक्या दुधासारखें फुटलें, दाणे व पाणी वेगळें दिसूं लागलें, तर लोणी फार गार आहे किंवा दूध एकदम पडलें असें समजावें. अशा वेळीं त्यांतील पळीभर मिश्रण वाटींत घेऊन किंचित् गरम करावें, पातळ झालें कीं उरलेल्यांत ओतावें आणि जोरानें फेसावें. तें पुन्हां एकजीव होतें.

आतां व्हॅनिला. या एका शब्दामागें जो इतिहास आहे तो सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं, कारण ज्या बाटलींतून आपण चार थेंब निष्काळजीपणें टाकतों, तिच्यावरील नांवाचा खरा धनी कोण, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

व्हॅनिला ही एका ऑर्किडची शेंग आहे. ही वेल मूळची मेक्सिकोची. तेथील लोक कोकोच्या पेयांत तिचा सुगंध घालीत, आणि सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं ती युरोपांत नेली. स्पॅनिश भाषेंत या नांवाचा अर्थ ‘लहानशी शेंग’ असा आहे. वेल इतरत्र लावली तर ती जोमानें वाढे, फुलेहि येत, पण शेंग धरत नसे. तिच्या फुलाची रचना अशी आहे कीं, परागकण आणि त्यांना ग्रहण करणारा भाग यांच्यामध्यें एक नाजूक पडदा असतो, आणि परागवहनाचें काम करणाऱ्या मेक्सिकोंतील माशा दुसरीकडे नव्हत्या. फूल उमलतें तें एकाच सकाळीं, दुपारीं कोमेजतें. बेल्जमचा वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मोरें यानें १८३६ सालीं हातानें परागसिंचन करून दाखविलें होतें, परंतु शेतांत उपयोगी पडेल अशी सोपी व जलद रीत त्यांतून निघाली नाहीं.

ती काढली एका बारा वर्षांच्या मुलानें. हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेला रेयूनियों नांवाचें बेट आहे. त्या वेळीं त्याला बूर्बों म्हणत. तेथील एका मळेवाल्याकडे एडमंड नांवाचा गुलाम मुलगा होता. आई त्याच्या जन्माच्या वेळींच वारलेली. गुलाम असल्यामुळें त्याला आडनांवहि नव्हतें. मालकाला झाडांचा नाद होता, आणि भोपळ्याच्या जातीच्या एका वेलीचें फूल हातानें कसें फळवावें हें त्यानें या मुलाला दाखविलें होतें. १८४१ सालीं बागेंत फिरतांना मालकाला कित्येक वर्षें वांझ राहिलेल्या व्हॅनिलाच्या वेलीवर शेंगा दिसल्या. चौकशी करतां एडमंडनें एक बारीक काडी घेतली, तिनें फुलांतील पडदा उचलला आणि अंगठ्यानें पराग पलीकडे दाबला. एवढेंच. एका फुलाला कांहीं क्षण पुरतात. जगांतील व्हॅनिलाच्या मळ्यांत आजहि हेंच केलें जातें. प्रत्येक फूल माणसाच्या हातानें, त्याच एका सकाळीं.

या शोधानें बेट श्रीमंत झालें, आणि पुढें मादागास्कर हा जगांतील व्हॅनिलाचा सर्वांत मोठा उत्पादक झाला. एडमंडला काय मिळालें? १८४८ सालीं फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी बंद झाली तेव्हां तो मुक्त झाला, आणि अल्बियस हें आडनांव त्याला देण्यांत आलें. पुढें चोरीच्या आरोपावरून त्यानें तुरुंगवास भोगला. एका नांवाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञानें तर हा शोध आपलाच असा दावा केला. त्या वेळीं जुन्या मालकानें लेखी साक्ष देऊन मुलाचा हक्क राखला, हें मात्र त्या मालकाच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. १८८० सालीं एडमंड अल्बियस दारिद्र्यांत मरण पावला.

शेंग वेलीवर पिकावयाला आठ-नऊ महिने लागतात, आणि एवढें होऊन हिरव्या शेंगेला तो सुगंध नसतो. ती गरम पाण्यांत बुडवितात, घोंगड्यांत गुंडाळून घाम आणतात, उन्हांत वाळवितात, पेट्यांत मुरत ठेवतात. या सोपस्कारांत आणखी कांहीं महिने जातात, तेव्हां कुठें ती काळी, लवचिक, सुवासिक शेंग तयार होते. तिच्यांतील मुख्य सुगंधी द्रव्य व्हॅनिलिन. तें १८५८ सालीं गोब्ली या फ्रेंच रसायनज्ञानें वेगळें काढलें आणि १८७४ सालीं टीमान व हारमान या जर्मन रसायनज्ञांनीं तें सूचिपर्णी झाडांतील एका द्रव्यापासून कृत्रिम रीतीनें तयार केलें. आज बाजारांतील बहुतेक व्हॅनिलिन खनिज तेलापासून निघालेल्या द्रव्यापासून होतें. आपल्या दुकानांतील स्वस्त इसेन्सच्या बाटल्यांत असतें तें हेंच. पण ‘कृत्रिम’ म्हणून नाक मुरडण्यापूर्वीं हें समजून घ्यावें कीं, शेंगेंतील व्हॅनिलिन आणि कारखान्यांतील व्हॅनिलिन हें एकच द्रव्य आहे. भेद आहे तो इतकाच कीं, शेंगेंत त्याच्या सोबतीला शेंकडों अन्य सुगंधी घटक अल्प अल्प प्रमाणांत असतात, आणि बाटलींत तें एकटेंच असतें. एकतारीवर गाणें आणि तंबोऱ्यावर गाणें, यांत जसा फरक तसा.

आपल्या केरळ-कर्नाटकांतहि ही वेल लावली गेली. २००० सालीं मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसल्यावर शेंगांचे भाव अस्मानाला भिडले, आणि अनेक शेतकऱ्यांनीं मोठ्या आशेनें वेली लावल्या. २००४ च्या सुमारास भाव कोसळले आणि पुष्कळांनीं त्या उपटून टाकल्या. तरी अजून कांहीं मळे टिकून आहेत, व तेथील शेंगा आपल्याला मिळूं शकतात.

शेंग महाग आहे, हें मी लपवीत नाहीं. म्हणून माझें मत स्पष्ट सांगतें. केकच्या पिठांत इसेन्सच घालावा. भट्टीच्या उष्णतेंत शेंगेचे नाजूक घटक बहुतांशीं उडून जातात, आणि अंडें, मैदा व भाजल्याचा खमंगपणा यांत उरलासुरला भेदहि लोपतो. आवरण मात्र भाजलें जात नाहीं. त्यांत लोणी, साखर आणि सुगंध याखेरीज लपण्यासारखें कांहींच नसतें. घरांत एकच शेंग असेल तर ती आवरणासाठीं राखून ठेवावी. आणखी एक सूचना: व्हॅनिलिन गार पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, स्निग्धांशांत चांगलें मिसळतें. म्हणून इसेन्स घातला तरी तो दुधांत न घालतां लोणी फेसतांनाच घालावा. एक लहान चमचा पुरे. अधिक घातल्यानें सुगंध वाढत नाहीं, कडवटपणा येतो.

परदेशांत शेंगा मद्यार्कांत मुरवून अर्क करतात. आपल्या पुष्कळ घरांना तें रुचणार नाहीं. त्यांनीं साखरेचा मार्ग धरावा. शेंग उभी चिरून, बंद बरणींत पाव किलो साखरेंत पुरून ठेवावी. पंधरा दिवसांत साखरेला वास लागतो. मग तीच साखर दळून वस्त्रगाळ करावी. शेंग पुन्हां नव्या साखरेंत. दुसरा मार्ग दुधाचा, आणि त्यासाठीं आवरणाची जी दुसरी कृति आहे ती मला पहिलीपेक्षां अधिक आवडते.

अमेरिकेंत लाल मखमली केकवर जुन्या काळापासून हें शिजविलेलें आवरण घालतात. त्यांत अंडें नाहीं, आणि लोण्याच्या मानानें साखर पहिल्या कृतीच्या निम्मी. दूध २५० मिलिलिटर, मैदा चार सपाट मोठे चमचे, साधी साखर २०० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि अर्धी शेंग. शेंग चिरून सुरीच्या बोथट बाजूनें आंतील काळे दाणे खरवडावे. दाणे व साल दोन्हीं दुधांत घालून दूध कढत करावें आणि झांकून अर्धा तास ठेवावें. साल काढून, धुवून, वाळवून साखरेच्या बरणींत टाकावी; तिच्यांत अजून पुष्कळ जीव असतो. दूध पुरतें गार झालें कीं, त्यांतील थोडेसें घेऊन मैदा गुठळी न होईल असा कालवावा, मग सर्व दूध व साखर घालून मंद आंचेवर सारखें ढवळीत शिजवावें. एक उकळी आलीच पाहिजे, नाहींतर मैद्याचा कच्चा वास राहतो. पतंग चिकटवावयाची खळ असते तितकें दाट झालें कीं उतरावें. वर साय धरूं नये म्हणून तेल लावलेला कागद अगदीं पृष्ठाला चिकटवून ठेवावा, आणि मिश्रण पूर्णपणें गार होऊं द्यावें. ‘पूर्णपणें’ हा शब्द मी मुद्दाम उच्चारतें. कोमट खळ लोण्यांत पडली कीं लोणी वितळलें. मग लोणी पूर्वीं सांगितल्याप्रमाणें फिकट होईपर्यंत फेसावें आणि खळ एकेक चमचा घालीत जावें. सगळी खळ संपतां संपतां मिश्रण फुटल्यासारखें दिसलें तरी घाबरूं नये; आणखी चार मिनिटें फेसलें कीं तें सायीच्या फेसासारखें मऊ येतें. साखर दुधांत विरघळलेली असल्यामुळें कचकचीचा प्रश्नच नाहीं, आणि शिजलेला मैदा पाण्याला धरून ठेवीत असल्यामुळें हें आवरण सहसा फाटत नाहीं. काळे दाणे त्यांत ठिपक्यांसारखे दिसतात. पाहुण्यांना ती धूळ वाटण्याचा संभव असतो, तेव्हां आधींच सांगून टाकलेलें बरें.

अंड्याच्या पांढऱ्यावर गोळीबंद पाकाची धार सोडून फेसण्याचीहि एक रीत आहे. तिचें आवरण फार हलकें होतें, पण पाकाची परीक्षा व यंत्राची गति यांचा मेळ बसावा लागतो. ज्यांना पाक साधतो त्यांनीं ती अवश्य करून पाहावी. येथें तिचा विस्तार करीत नाहीं.

लावण्याविषयीं थोडेसें. केक आंतून-बाहेरून गार झाल्यावांचून आवरणाला हात लावूं नये. भिंतीला रंगाचा पहिला हात पातळ देतात, त्याप्रमाणें प्रथम अगदीं पातळ लेप द्यावा. केकचा चुरा त्यांत अडकून बसतो. अर्धा तास फ्रिजमध्यें ठेवून मग दुसरा, जाड हात द्यावा. सुरी गरम पाण्यांत बुडवून व पुसून फिरविली म्हणजे पृष्ठ गुळगुळीत येतें. फुलें-पानें काढावयाचीं असल्यास जाड प्लास्टिकच्या कागदाचा मेंदीसारखा कोन करावा. मेंदीचा हात असलेल्या मुलींना हें काम शिकवावें लागत नाहीं. फक्त कोन फार वेळ मुठींत धरूं नये, मुठीच्या उबेनें आंतील लोणी पातळ होतें.

साधें लोण्याचें आवरण फ्रिजमध्यें झांकून ठेवल्यास आठवडाभर राहतें. दुधाचें शिजविलेलें मात्र तीन-चार दिवसांत संपवावें आणि उन्हाळ्यांत तासाभराहून अधिक बाहेर ठेवूं नये. केक फ्रिजमधून काढल्याबरोबर वाढूं नये. गार लोण्याला चवहि नसते आणि वासहि नसतो. मुंबईंत पंधरा मिनिटें, पुण्यांत थंडीच्या दिवसांत अर्धा-पाऊण तास आधीं बाहेर काढावा. पातेल्याच्या कडेला जें आवरण राहतें तें दोन बिस्किटांमध्यें भरून मुलांना द्यावें. बहुतेक घरांत तें तोंवर शिल्लकच राहत नाहीं.